विमान मुंबईपर्यंतच

काकूला येत्या मे महिन्यात अमेरिकेहून रोह्याला आणायचे म्हणून आमच्या चुलतभावाने खासगी विमान ठरविले आहे. काकूचे वय 81, गुडघे साफ गेलेले. ही खेप बहुधा शेवटचीच. तेव्हा उधळपट्टी म्हणून हसणाऱ्यांत मी नाही. रांगा चुकतात, औषधांची पेटी हाताशी राहते, नातवंडे पाय पसरून झोपतात.

पण धावपट्टी ना पेणला, ना रोह्याला! मुंबईपुढचे शंभराहून अधिक किलोमीटर मोटारीनेच काटायचे. म्हणून दादाला लिहिले: रात्री मुंबईत मुक्काम कर, पहाटे नीघ. शनिवार टाळ, अलिबागची गर्दी वडखळपर्यंत सोबतीला असते. मोटार ऐसपैस घे, पैसा इथे खर्च कर. पेणला गणपतीच्या कारखान्यात मुलांना तासभर सोड. तिथल्या मूर्ती कित्येक महिने आधी जहाजाने निघून तुमच्या अमेरिकेत येतात. बाप्पाला विमानाची घाई नसते. पोह्याचे पापड मात्र परतताना घे.

काकूने फोनवर एकच विचारले, "कुंडलिकेला पाणी असेल ना रे?"

म्हटले, "असणारच. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिला भर उन्हाळ्यातही मिळते. तुझी खुर्ची काठापर्यंत न्यायला दोन माणसे बघून ठेवतो."