माती ओली आहे

माझ्या आईला कढीलिंबाला पाणी घालताना मी कधी पाहिले नाही. साताऱ्याच्या आमच्या घरामागे, मोरीचे पाणी जिथे वाहून जाई, तिथे तो आपला आपण वाढला होता. फोडणीची वेळ झाली की आई मागच्या दाराने बाहेर जाई, एक डहाळी ओरबाडी आणि परत येई. त्या दोघांचा संबंध एवढाच. झाडावर माया करायची असते हे आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हते. आणि म्हणूनच की काय, झाड मोठे जोमात होते.

लग्नानंतर मी एडिंबराला आले आणि हे सगळे उलटे झाले. हे गाव जवळजवळ ५६ अक्षांशावर. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा, आणि तोही बहुधा ढगांतून गाळून आलेला. लेस्टरला राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी आपल्या काचघरातल्या कढीलिंबाच्या मुळाशी फुटलेला एक फुटवा मला दिला. तान्हे मूल आणावे तसा तो मांडीवर घेऊन मी आगगाडीने घरी आणला.

उन्हाळाभर तो परसात छान वाढला. ऑक्टोबरात त्याला आत घेतले आणि नोव्हेंबरात पाने पिवळी पडून गळू लागली. मी घाबरले. पाणी घातले. आणखी पाने गळली. मी आणखी पाणी घातले, कोमट करून घातले, खतही दिले. जानेवारीत खोड काळे पडून बोटाखाली दबू लागले.

शेजारी एक वृद्ध जोडपे राहत असे. दोघेही हाडाचे बागवान. आजोबांनी (मनात मी त्यांना आजोबाच म्हणत असे) कुंडीतल्या मातीत बोट खुपसले, हुंगले आणि म्हणाले, "हे तहानेने मेलेले नाही. बुडून मेले आहे."

मग त्यांनी मला हिवाळ्याचे शास्त्र शिकवले. थंडीत आणि अपुऱ्या उजेडात उष्ण देशाचे झाड झोपी जाते. मुळे पाणी पीत नाहीत. घातलेले पाणी तसेच साचते, मातीतली हवा जाते आणि मुळे कुजतात. रात्री दहा अंशांखाली जाऊ लागल्या की कुंडी आत घ्यायची, भरपूर उजेडाच्या खिडकीत, पण रेडिएटरच्या कोरड्या धगीपासून लांब ठेवायची. माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. गवती चहा वीतभर ठेवून छाटायचा. तुळशीची आशा मात्र सोडायची. आपल्याकडे कार्तिकात तिचे लग्न लागते. इथे त्याच सुमारास ती थंडीने काळी पडते. तेव्हा मंजिऱ्या वेळेवर वाळवून बी पाकिटात ठेवायचे आणि वसंतात पुन्हा पेरायचे. इथला हिवाळा तुळस बियांच्या रूपानेच काढते.

आजीबाईंची आवड म्हणजे लिंबाच्या वासाची व्हर्बीना. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. हिवाळ्यात तिच्या नुसत्या काड्या उरतात आणि ती इतक्या उशिरा फुटते की लोक मेली समजून एप्रिलात फेकून देतात. आजीबाई म्हणत, "नखाने साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर वाट पाहा."

त्यांनीच मला दुसरी एक गंमत सांगितली. कढीलिंबाच्या शास्त्रीय नावात योहान केनिग या वैद्याचे नाव आहे. बाल्टिक प्रदेशात जन्मलेला हा माणूस लिनियसचा शिष्य. १७६८ साली तो तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला आला आणि १७८५ साली हिंदुस्थानातच वारला. थंड देशाचा माणूस उन्हात आणि उन्हातले झाड माझ्या खिडकीत. कोणाला कुठे हिवाळा काढावा लागेल, याचा नेम नाही.

पुढच्या वर्षी लेस्टरहून दुसरा फुटवा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आजीबाई वारल्या.

आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. मी डबे पाठवू लागले. खिचडी, सूप, शिरा. डबा द्यायला जायचे आणि अर्धा तास बोलत बसायचे, कारण म्हाताऱ्याला एकटे सोडू नये. तेरा दिवस झाले, महिना झाला. माझे डबे चालूच. ते काही बोलत नसत. ते जितके गप्प, तितकी मी अधिक बोले.

एक दिवस दार उघडले तेव्हा त्यांच्या ओट्यावर माझे चार डबे न उघडलेले दिसले. मी पाचवा पुढे केला. त्यांनी तो घेतला, खाली ठेवला, दाराशी असलेल्या आजीबाईंच्या कुंडीत बोट घातले आणि अगदी हळू म्हणाले, "माती अजून ओली आहे."

त्या कुंडीला पाणी घालायचे मला सुचलेही नव्हते, म्हणून मी गोंधळले. घरी येऊन कोट काढताना उमगले आणि अंधारात एकटी असूनही चेहरा गरम झाला. एक झाड मी असेच मारले होते.

त्यानंतर मी गेले नाही. सोपे नव्हते. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला की तेवढे पाहून घ्यायची. इकडे माझा कढीलिंब संपूर्ण निष्पर्ण झाला, खिडकीत नुसती काठी. रोज हात झारीकडे जाई आणि मी तो मागे घेई. काहीच न करणे हे इतके कष्टाचे काम असेल, असे वाटले नव्हते.

मे महिन्यात एका सकाळी दार वाजले. आजोबा उभे होते. एका हातात माझे पाच डबे, घासूनपुसून एकात एक बसवलेले. दुसऱ्या हातात आजीबाईंची व्हर्बीना, काड्यांवर मोहरीएवढे कोंब आलेली. ते आत आले आणि सरळ कढीलिंबापाशी गेले. नखाने साल खरवडली. आत हिरवे होते.

मी कुंडीत बोट घातले. माती कोरडी होती. मी पाणी घातले. फार नाही, भांडेभर.

"जेवायला थांबता?" मी विचारले.

ते थांबले. या खेपेला मी डबा भरला नाही. ताट वाढले आणि समोर गप्प बसले.