फुंकर

काल ब्रिटिश म्युझियमला गेलो. ऑनसाइट येऊन आठ महिने झाले, पण लंडनमध्ये फुकट काय काय आहे ते आपल्याला तोंडपाठ! खरं कारण वेगळं होतं. घरी बसलो असतो तर लॅपटॉप उघडावा लागला असता.

रोमन दालनात एका काचेच्या वाडग्यापाशी थबकलो. निळसर-हिरवा, आमटीच्या वाडग्याएवढा, बाहेरून भोपळ्याच्या फाकांसारखे उभे उंचवटे. वय साधारण दोन हजार वर्षं. बघता बघता लक्षात आलं, फाकांमधलं अंतर सारखं नाहीये. कुणीतरी एकेक फाक हातानं काढली होती.

हा वाडगा फुंकून केलेला नाही. तापलेल्या काचेची चकती घ्यायची, तिच्यावर फाका उठवायच्या आणि ती मऊ असतानाच घुमटासारख्या साच्यावर ठेवायची. स्वतःच्या वजनानं ती खाली वाकते. मग आतली बाजू फिरत्या चाकावर घासत बसायचं. आत नीट बघितलं तर घासल्याचे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. तेवढ्यावरून माणूस डोळ्यासमोर उभा राहतो राव.

आणि इ.स.पू. ५० च्या सुमारास, जेरुसलेमच्या बाजूला, कुणीतरी काचेत फुंकर मारली. झालं! दिवसभराचं काम मिनिटांवर आलं. स्ट्रॅबो लिहून गेलाय की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळायचा. गंमत म्हणजे हे फाकांचे वाडगे लगेच संपले नाहीत. इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत ते आहेत, आपल्या पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूतही त्यांचे तुकडे सापडलेत. पण पहिलं शतक सरता सरता ते जवळजवळ बंद झाले. घासणारे कुठं गेले, कुणी लिहून ठेवलं नाही.

असो. बुधवारी मॅनेजर म्हणाला, आता कोड एआय लिहितं, नऊ जणांची टीम कशाला? चार पुरेत. लीड तूच आहेस, नावं सोमवारी पाठव.

आमच्यात एक जण आहे. दोन ओळींच्या फंक्शनलासुद्धा चार ओळींची कॉमेंट लिहितो. आम्ही त्याची जाम टर उडवायचो. गेल्या वर्षी रात्री दोनला सिस्टिम झोपली, तेव्हा त्याच कॉमेंटींनी मला वाचवलं होतं. एक्सेलच्या कुठल्या कॉलममध्ये टाकू हे?

रविवारचे रात्रीचे साडेअकरा झालेत. शीटमध्ये अजून नऊच्या नऊ नावं आहेत.