बाजूला काढलेले दोन लेख

चि. बेबीस,

तुझे पाकीट पोहोचले. कॅनडातील फोर्ट स्मिथच्या त्या अरोरा कॉलेजातील तुझ्या विद्यार्थ्यांचे लेख मी एका बैठकीत वाचून काढले. सोबतच्या चिठ्ठीतील शेवटच्या दोन ओळींनी मात्र मनाचा जो क्षोभ झाला तो अद्याप शमलेला नाही. संग्रहाला प्रस्तावना लिहून द्याल का, एवढाच तुझा प्रश्न आहे, हे मला समजते. परंतु आदिवासी मुलांना घरापासून तोडून ज्यांत घातले त्या निवासी शाळांची व्यथा ज्यांत आहे ते सर्व लेख घेतले आणि प्रेमाविषयीचे दोन 'हलके' म्हणून बाजूला काढले, असे जे तू जाता जाता कळवले आहेस, त्याचा निकाल लागल्यावाचून प्रस्तावनेचे नाव माझ्यापाशी काढू नकोस. हलके म्हणे! तुझ्याच लग्नापायी आपल्या घरात जे महाभारत झाले, आणि त्या वेळी दादांच्या पुढे कोण उभे राहिले, ते तुझ्या आईला विचार. ते दोन लेख पाकिटात घालण्याची सुबुद्धी तुला झाली, एवढे तरी बरे.

त्यांतील पहिला पुन्हा वाच. तो लिहिणाऱ्या मुलीची देने जमातीची आजी एका गोऱ्या माणसाशी लग्न करते आणि त्या दिवसापासून सरकारदप्तरी ती आदिवासी उरत नाही. तुला ही कौटुंबिक गोष्ट वाटली; मला तो त्या देशाच्या राज्यकारभाराचा अस्सल दाखला वाटतो. 1876 च्या इंडियन ॲक्टात अशी तरतूद होती, की आदिवासींच्या नोंदीतल्या स्त्रीने नोंदीबाहेरच्या पुरुषाशी विवाह केला तर तिचे नाव खारीज व्हावे आणि तिच्या मुलांचाही हक्क बुडावा. उलट नोंदीतल्या पुरुषाने परकी बायको आणली तर तिचे नाव मात्र खुशाल दाखल व्हावे. जनेट कॉर्बिएर लाव्हेल या बाईंनी याविरुद्ध दाद मागितली आणि 1973 साली सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. सँड्रा लव्हलेस यांनी गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेले, 1981 साली समितीने कॅनडाला दोषी धरले, तेव्हा कोठे 1985 मध्ये कायदा बदलला. आणि त्यातील उरलेली विषमता निपटण्यासाठी त्यानंतरही दुरुस्त्यांवर दुरुस्त्या कराव्या लागल्या. जेथे स्त्रीने कोणावर जीव लावला यावरून ती कोण हे सरकार ठरवीत होते, तेथे प्रेमाची हकिकत हलकी कशी?

दुसरा लेख एका तरुणाचा. तो आपल्या मैत्रिणीच्या घरी प्रथम जातो तेव्हा म्हातारी त्याचे नाव न विचारता 'कोणाचा नातू?' असे विचारते, आणि आजोळ-पणजोळाची पूर्ण चौकशी होऊन, आपसांत रक्ताचे नाते निघत नाही याची खात्री पटल्यावरच त्याच्यापुढे चहा ठेवते. हे वाचताना मला आपल्या काशीमावशीची आठवण होऊन मनसोक्त हसू आले. परंतु हसून झाल्यावर विचार केला, की दीड लाखांच्या आसपास मुले ज्या निवासी शाळांत घातली गेली, त्या शाळांनी नेमके काय मोडले? भाषा मोडली, हे खरेच. पण ज्या मुलाला आईबापांपासून वर्षानुवर्षे दूर ठेवले, त्याला पुढे आपली चुलती कोण, मावसभाऊ कोण, आणि मूल कुशीत कसे घ्यावे, हे कोणी शिकवावे? तुझ्या गावातच अशा मुलांचे ब्रेनॅट हॉल नावाचे वसतिगृह होते. त्या गावात एखादी म्हातारी अजून अधिकाराने वंशावळ विचारते, यापरते मोठे वृत्त तुझ्या साऱ्या संग्रहात नाही, आणि नेमके तेच तू वगळतेस!

माझे हे मत तुला जुनेच आहे, तरी पुन्हा ऐक. दुःखाची मागणी करणारा श्रोता नकळत फौजदार होतो, आणि सांगणारा हकिकत सोडून जबानी देऊ लागतो. याचे उलट उदाहरण पाहा: 1974 ते 1977 या काळात न्यायमूर्ती टॉमस बर्जर वायूच्या नळवाहिनीच्या चौकशीसाठी मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातील व उत्तरेकडील पस्तीस वस्त्यांत फिरले आणि सुमारे हजार माणसांचे म्हणणे त्यांनी ऐकले. वस्तीत जाऊन ऐकल्यामुळे लोक केवळ नुकसानीचा हिशेब मांडून थांबले नाहीत. आपली शिकार, आपली मुले, आपली पूर्वजांची भूमी यांविषयी बोलले, आणि बर्जरांनी नळवाहिनी दहा वर्षे लांबणीवर टाकावी अशी शिफारस केली. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त धर्मांतराएवढा प्रचंड विषय नवराबायकोच्या रुसव्याफुगव्यांतूनच सांगितला ना? त्यातून संसार वजा केला असता तर मागे एखादे मिशनचे प्रतिवृत्त तेवढे उरले असते. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना केवळ आजोबांच्या जखमांचे वारस करून ठेवू नकोस. त्यांना रुसण्याचा, चेष्टेचा आणि प्रेमात फजिती होण्याचाही वारसा आहे.

आता मला जी खरी धास्ती वाटते ती सांगतो. लेख मुलांचे असले तरी त्यांतील आज्या मुलांच्या मालकीच्या नव्हेत. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. पहिल्या लेखातल्या त्या आजीला विचारले आहे काय? तिने नको म्हटले तर, माझ्या या साऱ्या वक्तृत्वाची भीड न धरता, तो लेख मुलीला परत दे. आणि आज्यांची वाक्ये तू इंग्रजीत सफाईदार करून ठेवली असशील, असा मला दाट संशय आहे. ज्या प्रदेशात अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा आहे तेथे चिपेवायन भाषेतली चार वाक्ये छापायला कंजुषी कसली?

प्रस्तावना मी लिहिणार नाही. बाहेरची अध्यापिका निवड करणार आणि तिचा तिच्याहून बाहेरचा मामा शिफारस करणार, हा कारभार मला पसंत नाही. ती विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घे. निवडीच्या वेळीही त्यांना सोबत बसव.

आणि हस्तलिखितांच्या नकला गावाबाहेर कोठेतरी ठेव. 2023 च्या ऑगस्टात वणव्यामुळे तुमचे गाव रिकामे करावे लागले तेव्हा तू कोणत्या रस्त्याने, कोणाच्या मोटारीतून गेलीस, हे मला आठवड्याने कळले. यंदा उन्हाळा लागताच दर रविवारी खुशाली कळवीत जा. आळस केलास तर मी थेट तुझ्या नवऱ्याला पत्र घालीन.

तुझा
मामा