ल्यों शहरांतील एक दरवाजा

आमच्या सांगलीच्या घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तींत आजोबांनीं काढलेल्या छायाचित्रांच्या कांचा होत्या. पुढें देवांच्या तसबिरींना कांच हवी झाली, तेव्हां कोणीं तरी त्या गरम पाण्यांत घालून त्यांवरचा थर खरवडून काढला. आजीचें तरुणपणचें एकुलतें एक चित्र त्यांत गेलें. फ्रान्सला जाण्याचा योग आला तेव्हां पॅरिस दोन दिवसांत आटोपून मीं ल्योंची गाडी धरली, ती त्या पेटीमुळेंच म्हटलें तरी चालेल.

भुयारी गाडीच्या ज्या स्थानकावर उतरावयाचें, त्याचें नांव मोंप्लेझीर-ल्युमिएर. ल्युमिएर म्हणजे फ्रेंच भाषेंत प्रकाश. प्रकाशावर पोट भरणाऱ्या घराण्याचें आडनांवच तसें असावें, हें कादंबरींत लिहिलें तर वाचक हसतील! बाप आंत्वान छायाचित्रकार; ओग्युस्त थोरला, लुई धाकटा. लुईनें ऐन तरुणपणीं सुधारलेल्या कोरड्या प्लेटांवर या कुटुंबाचा कारखाना भरभराटीस आला. आंत्वाननें बांधलेल्या भव्य वाड्यांत आतां संग्रहालय आहे.

तेथील सिनेमातोग्राफ पाहून प्रथम निराशाच होते. लांकडाची एक लहानशी पेटी आणि बाजूला फिरविण्याचा दांडा, एवढेंच. परंतु चित्र घेणें, त्याची प्रत छापणें आणि पडद्यावर दाखविणें हीं तिन्ही कामें ही एकटी पेटी करी. पट्टी सरकावी, क्षणभर स्थिर राहावी, पुन्हां सरकावी, सेकंदास सुमारें १६ वेळां. ही युक्ति लुईला शिवणयंत्रावरून सुचली असें सांगतात. सुमारें १७ मीटरांची पट्टी पन्नासेक सेकंदांत संपे.

वाड्यामागील रस्त्याचें नांवच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. १८९५ सालीं कामगार, त्यांतही पुष्कळशा स्त्रिया, कारखान्यांतून बाहेर पडतांना येथें टिपल्या गेल्या. या दृश्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध असून एकींत घोडा नाहीं, दुसरींत एक आहे आणि तिसरींत दोन. कारखाना बहुतेक पाडला गेला. ती शेड मात्र राखून तिच्यांत चित्रपटगृह केलें आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत एक रुपया तिकिटानें झालेल्या पहिल्या खेळांत हा दरवाजाही होता. हा नवा चमत्कार पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला, आणि १९०१ मध्यें रँग्लर परांजपे परतले तेव्हांचें स्वागत चित्रित केलें. ल्योंच्या त्या दरवाजापुढें उभा असतांना मला मुंबईच जवळ वाटली.

रंगीत छायाचित्रांच्या दालनांत मी फार वेळ रमलों. १९०७ पासून विकल्या गेलेल्या त्यांच्या ऑटोक्रोम प्लेटांचा आधार काय, तर बटाट्याचें सत्त्व! त्याचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरवे व जांभळे रंगवून, एकत्र मिसळून कांचेवर पसरावयाचे, मधल्या फटी कोळशाच्या पुडीनें बुजवावयाच्या, आणि वर संवेदनशील थर द्यावयाचा. चित्र त्याच कांचेवर उमटे. ती फुटली कीं तें चित्र संपलें.

अखेरीस पाहिलें तें ‘बाळाचें जेवण’. ओग्युस्त आणि त्याची पत्नी बागेंत बसून वर्षाच्या आंद्रेला भरवीत आहेत. मागें पानें वाऱ्यानें हालतात. पहिल्या प्रेक्षकांना बाळापेक्षां त्या पानांचेंच नवल अधिक वाटलें म्हणतात. पुढें १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत ही आंद्रे वारली. तें ठाऊक असल्यामुळें तो लहानगा हात बिस्किट पुढें करतो, तेव्हां पाहवेना, आणि उठवेहीना.

घरीं परतल्यावर मीं काकूंच्या परवानगीनें लक्ष्मीच्या तसबिरीची कांच उतरविली व उजेडांत धरली. चौकटीखालीं दडलेल्या कोपऱ्यांत खरवडणाऱ्याचा हात पोंचला नव्हता. तेथें बोटभर काळपट तुकडा होता, आणि त्यांत लुगड्याचा कांठ.

“नीट धर रे,” काकू म्हणाल्या, “आणि आतां पुसूं नकोस.”