हवेतली गर्दी

ज्याला बोलता येत नाही, त्याच्यावर आळ घेणे फार सोयीचे असते. दूध सांडले की मांजराने सांडले! आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत हा मान सध्या ‘ड्रायव्हर’कडे आहे. लॅपटॉप आणि त्याच्या पोटातले वाय-फायचे कार्ड यांच्यामध्ये दुभाषाचे काम करणारी जी आज्ञावली असते, तिचे हे नाव. वाय-फाय अडखळले की कोणीतरी तरुण येतो, ड्रायव्हर काढतो, पुन्हा बसवतो, चहा घेतो आणि जातो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे हा विधी तीनदा झाला. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. रोज रात्री आठला मायलेकरे पडद्यावर भेटत, आणि पाच मिनिटांत मुलाचे तोंड उघडे ते उघडेच राही. एकदा काकू मला म्हणाल्या, “मास्तर, हल्ली तोच मुद्दाम बंद करत असेल का हो?” यानंतर मला गप्प बसवेना.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पण वर्गात मूल ऐकत नाहीसे वाटले, तर आधी शेजारी कोण बडबडतो आहे ते पाहावे, एवढे मला कळते. तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, आणि वेळ पहाटे पाचची. अर्धा तास अक्षर चुकले नाही. दुभाषाच नादान असता, तर तो पहाटेही बहुधा अडखळला असता.

मग रात्री आठला हवेत चालते तरी काय? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन : १, ६ आणि ११. तेवढ्यात आमची बारा बिऱ्हाडे! त्यात जेवणाची वेळ. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यातला. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधा ओव्हन सेकंदाला पन्नास वेळा उसळतो आणि पन्नास वेळा थांबतो. दाराच्या फटीतून जे निसटते त्याने माणसाला अपाय नाही, पण कार्डाच्या कुजबुजीपुढे तो ढोलच.

पोच आली नाही की कार्ड तेच वाक्य पुन्हा म्हणते, आणि तरीही उत्तर नाही म्हणून वेग उतरवते. समोरचा दूर असेल तर हे शहाणपणाचे. गर्दीत मात्र हळू बोलणाऱ्याचे वाक्य लांबते, आणि लांब वाक्यात कोणीतरी तोंड घालतोच!

आणखी एक आरोपी लॅपटॉपच्या कुशीतच होता. फोटो साठवायची जलद यूएसबीची डिस्क. या यूएसबी ३.० ची कुरकुर २.४ च्या पट्ट्यात सांडते, हे इंटेलने २०१२ साली दाखवून दिले आहे. डिस्क काढून कपाटात ठेवली. कार्डाची वीज वाचवण्यासाठी डुलकी घेण्याची सवय बंद केली. ड्रायव्हरचा दोष म्हणाल तर एवढाच. शेवटी राउटर आणि कार्ड दोघांनाही ५ गिगाहर्ट्झवर नेले. तिथे वाटा पुष्कळ, पण भिंती ओलांडताना दम लागतो. म्हणून काकूंची खुर्ची देवघराजवळून बाहेरच्या खोलीत आली. त्याबद्दल दोन दिवस बोलणी खाल्ली.

आता तास तास गप्पा चालतात. काकूंची नवी तक्रार आहे : पोरगा फार वाळलेला दिसतो.