फिकट चट्टा आणि काचपट्टी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात सकाळचा पहिला आवाज सुरीला धार लावण्याचा असे. ऊतीचे पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोम यंत्राची जाड पोलादी सुरी तंत्रज्ञ आधी दगडावर घाशीत, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवीत. धारेत खाच राहिली की चार-पाच मायक्रॉनच्या कापावर रेघ उमटे आणि नेमका हवा तो मज्जातंतू फाटून जाई. आता पाती वापरून टाकून देतात, काप नितळ येतात.

कातडीवरचे फिकट चट्टे वरून सारखेच दिसतात, फरक अशा कापांत सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो. शिबं असतील तर कातडीच्या अगदी वरच्या थरात बुरशीचे आखूड धागे आणि गोल पेशी सापडतात. कोड असेल तर तळच्या थरातल्या रंगपेशीच नाहीशा झालेल्या असतात. फोंटाना-मॅसन रंगवणीत मेलॅनिन काळं उठतं, ते तिथे उठत नाही. सगळ्यात फसवी कुष्ठाची सुरुवात. मज्जातंतूभोवती थोड्या लिम्फोसाइट पेशी, आणि फाइट-फराको रंगवणीत तासभर डोळे ताणूनही लाल जंतू बहुधा मिळत नसे. या सुरुवातीच्या चट्ट्यांची सूक्ष्मरचना डॉ. वसंत खानोलकरांनी १९५१ च्या अहवालात मांडली होती. एका मराठी पॅथॉलॉजिस्टचं ते काम मला आजही थोर वाटतं. आता एस-१०० या प्रथिनाची तपासणी उद्ध्वस्त मज्जातंतूचे तुकडेही तपकिरी रंगात दाखवते.

तेव्हा अहवालात ‘कुष्ठ’ लिहिताना हात जड व्हायचा. डॅप्सोन हे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागे, आणि घरातल्या मुलीचं लग्न त्या एका शब्दावर अडे. बहुविध औषधोपचार आले आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होऊ लागला. कायदा मात्र रेंगाळला: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं!

एक गोष्ट तेव्हाचीच बरी होती. काचपट्टीवर शंका आली की आमचे सर उठून कृष्णराजेंद्र रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जात, रोग्याला डोळे मिटायला सांगत आणि चट्ट्यावरून कापसाचं टोक फिरवीत. आज नमुना बारकोड लावून येतो, सोबतच्या कागदावर दोन शब्द. स्पर्श कळतो की नाही, हे कोणतीही रंगवणी सांगत नाही. तरुण डॉक्टरांनी तो कापूस खिशात ठेवावा. आणि वाचकहो, फिकट डागावर स्पर्श कमी जाणवत असेल तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात कुष्ठाची औषधं मोफत मिळतात.