‘होय’समोरची खूण

गेल्या श्रावणातील एका रविवारी दुपारी दवाखाना बंद करून घरी आलो, तेव्हा माझा मुलगा जेवणाच्या मेजावर कागद पसरून बसला होता. वय वर्षे तेवीस. लातूरला नोकरी लागून त्याला वर्षही झाले नव्हते. शनिवार-रविवार नांदेडला येणे सोपे जावे म्हणून त्याने स्वतःच्या पगारातून एक जुनी मोटार घेतली होती. समोरचा कागद त्या मोटारीच्या नव्या विम्याचा प्रस्ताव-अर्ज होता आणि त्याचे पेन एका प्रश्नापाशी अडले होते : ‘यापूर्वी कोणत्याही कंपनीने आपला विम्याचा प्रस्ताव नाकारला आहे काय, अथवा आपली पॉलिसी रद्द केली आहे काय?’ पुढे दोन चौकटी. होय. नाही.

रद्द झाली होती. पहिल्या पॉलिसीच्या हप्त्यापोटी त्याने धनादेश दिला, पण पगार जमा व्हायला दोन दिवस उशीर झाला आणि धनादेश वटला नाही. कंपनीने पॉलिसी रद्द केल्याचे पत्र पाठवले ते त्याच्या लातूरच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर. तो तोपर्यंत दुसरीकडे राहायला गेला होता. हे सारे त्याला कळले सहा आठवड्यांनी. ते सहा आठवडे तो लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने दर आठवड्याला मोटार चालवत होता, आणि आपला विमा आहे अशा समजुतीत होता.

हप्ता हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असे १९३८चा विमा कायदा सांगतो. आणि दुसऱ्याला होणाऱ्या इजेपुरता विमा तरी प्रत्येक वाहनाला असलाच पाहिजे, असे १९८८चा मोटार वाहन कायदा सांगतो. विमा नसताना वाहन चालवले तर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड ही लहान गोष्ट. त्या सहा आठवड्यांत त्याच्या हातून कोणी जखमी झाले असते, तर आयुष्यभर फेडावी लागेल एवढी भरपाई त्याच्या डोक्यावर आली असती. आणि जखमीच्या घरच्यांना ती वेळेवर मिळालीही नसती.

फोनवर विमा प्रतिनिधी होते. भला माणूस. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चेकचा किरकोळ मामला आहे. ‘नाही’वर खूण करा अन् मोकळे व्हा. कोण बघायला बसलंय?”

मुलाने माझ्याकडे पाहिले. “बाबा, काय लिहू?”

मी लगेच उत्तर दिले नाही. हाच प्रश्न सुमारे अठरा वर्षांपूर्वी एकदा माझ्यापुढे आला होता आणि त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते.

लोह्याजवळच्या एका गावातील निवृत्त शिक्षक माझे रुग्ण होते. सारे त्यांना गुरुजीच म्हणत. आठ वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेत होते आणि ती मीच सुरू केली होती. एके दिवशी त्यांचा मुलगा आरोग्य विम्याचा अर्ज घेऊन आला. त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत होते. “डॉक्टर, बीपीचं तेवढं राहू द्या. लिहिलं की विमा देत नाहीत म्हणतात. अन् दादांचं बीपी आता नॉर्मलच असतं की.” गोळीमुळे ते नियंत्रणात होते, हे खरे. बाहेर रुग्णांची रांग होती. घराशी जुना स्नेह होता. ‘उच्च रक्तदाब’ या शब्दांपुढे मी ‘नाही’ लिहिले आणि खाली शिक्का मारला. त्या क्षणी मला ते उपकारासारखे वाटले होते.

दोन वर्षांनी गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले. तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरने विचारले, “आधीपासून काही आजार?” सून घाबरलेली होती. खरे तेच बोलली : दहा वर्षांपासून बीपी आहे, रोज गोळी चालू आहे. सासऱ्यांचा जीव वाचवण्यासाठी ते सांगणे आवश्यकच होते. डॉक्टरने ते केसपेपरवर लिहिले. विमा कंपनीने दाव्यासोबत तोच केसपेपर मागवला. एका बाजूला रुग्णालयाची नोंद आणि दुसऱ्या बाजूला माझा शिक्का. दावा नामंजूर झाला. त्या घराने एक एकर जमीन विकली.

गुरुजी वाचले. उजवा हात मात्र परत आला नाही. पुढे अनेक वर्षे ते तपासायला येत. मला त्यांनी कधी एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त मी रक्तदाब मोजला की डाव्या हाताचे बोट कागदाकडे करून जड जिभेने म्हणत, “लिहून ठेवा, डॉक्टर.” मी तारीख आणि आकडा लिहीपर्यंत ते उठत नसत.

हे मी मुलाला त्या दुपारी प्रथमच सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने ‘होय’समोर खूण केली आणि सोबत चार ओळींचे पत्र लिहिले : धनादेश कधी दिला, का वटला नाही, पॉलिसी कधी रद्द झाली, त्यानंतर अपघात झालेला नाही. कंपनीचा माणूस येऊन मोटार पाहून, छायाचित्रे काढून गेला. चौथ्या दिवशी नवी पॉलिसी आली. तोवर मोटार दारात उभी होती आणि चिरंजीव एसटीने लातूरला गेले. हप्ता आधीच्याइतकाच होता. सत्याची किंमत या खेपेला चार दिवसांची गैरसोय एवढीच होती. ती नेहमी इतकी कमी नसते, हेही मी त्याला सांगितले.

विम्याचा करार परस्पर-विश्वासावर उभा असतो, हे तत्त्व जुने आहे. १७६६ साली इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात ते मांडले. पण त्या खटल्यात हरला तो विमा देणारा. जी गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक असायला हवी होती, ती सांगितली नाही म्हणून विमा घेणाऱ्याला दोष देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी हवा. आपण सारे लिहून दिले असेल, तर उद्या कंपनीला जाब विचारण्याचा हक्कही आपल्याकडे राहतो.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलांना मी आता काही गोष्टी आवर्जून सांगतो. कोऱ्या अर्जावर आईवडिलांची सही घेऊ नका. प्रश्न त्यांना मराठीत वाचून दाखवा, कारण अर्ज कोणीही भरला तरी उत्तरदायी सही करणारा असतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, जुनी शस्त्रक्रिया, रोजच्या गोळ्या, सारे लिहा. ‘नियंत्रणात आहे’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. पूर्वी एखादी पॉलिसी नाकारली वा रद्द झाली असेल, तर तेही कारणासह लिहा. भरलेल्या अर्जाची प्रत घरी ठेवा. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचायला ३० दिवसांची मुदत असते. काही चुकीचे आढळले, तर तेव्हाच कळवता येते.

आजार लिहिला की विमा मिळतच नाही, ही भीतीही आता पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. २०२४च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर माहिती सांगितली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ज्यांचे वय ७० किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे आणि तेथे आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. आणि दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला शुल्क लागत नाही.

हे सारे सांगताना मी स्वतःलाही बजावत असतो. चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते मागायला येणारे बहुतेक जण ओळखीचेच असतात. “फिट येते हे लिहू नका, साहेब,” असे म्हणणाऱ्याला पूर्वी मी कदाचित टाळले असते. आता बसवून घेतो, चहा देतो आणि नाही म्हणतो. काही रागावून जातात. त्यातले बरेचसे पुढच्या आजारपणात परत येतात.

वाचकांनी या पंधरवड्यात एक काम करावे. कपाटातील विम्याचे कागद बाहेर काढावेत, घरातील वृद्धांना शेजारी बसवावे आणि भरून दिलेली उत्तरे एकदा ताडून पाहावीत. चूक आढळली, तर आज लेखी कळवता येते. तातडीच्या विभागाच्या दारात ती दुरुस्त करता येत नाही.

गुरुजी आता नाहीत. त्यांचा केसपेपर मी अजून ठेवला आहे. त्यावर शेवटच्या भेटीपर्यंतच्या साऱ्या नोंदी आहेत, एकही सुटलेली नाही.